गाडीचा नमस्कार

कर्जतला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या आळीतल्या बायका विचारतात, माथेरान बघितलंस का, घोड्यावर बसलीस का. नाही बाई. डोंगर लांबून बघितला, तो कुठं पळून जात नाही. मी चार दिवस गेले ती माझ्या मुलाकडं, आणि खरं सांगायचं तर मुलाच्या सासूकडं. माझा रवी तिनं किती घेतलाय आणि मला किती ठेवलाय, एवढंच बघायचं होतं. वय झालं की हेवा सुटतो असं कुणी समजू नये. गुडघे सुटतात. हेवा नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही जुन्नरकडचे. रवी माझा एकुलता एक, ट्रक चालवतो. त्याचे वडील गेल्यावर मीच वाढवला. सून अश्विनी कर्जतची, भिसेगावची. तिचे वडील बाळारामभाऊ, त्यांचा उभा जन्म ट्रकवर गेला. आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून घरी असतात. लग्न झालं तसा रवी कामासाठी म्हणून तिकडं गेला, सासऱ्याच्या ओळखीनं एका गाडीवर लागला आणि तिकडचाच झाला. व्याह्यांच्या घराला लागून दोन खोल्या काढल्यात. घरजावई नाही म्हणतात. पण मधली भिंत एकच आहे, आणि त्या भिंतीतून विहिणीच्या फोडणीचा वास येतो.

भिसेगाव

एसटीचं काही लिहीत नाही, एसटी सगळीकडं सारखीच हलते. पौष महिना होता. तिकडं भात कापून झालं की जनावरं मोकळी सोडतात. ज्या शेतात वाल पेरलेला नाही तिथं कुणाचंही जनावर कुणाच्याही वावरात चरतं, कुणी हाकलत नाही. आमच्याकडं बांधावर शेजाऱ्याची गाय नुसती वाकली तरी अर्धा गाव गोळा होतो. मला ते बघून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बरं, ही जनावरं चरून झाली की जातात कुठं, तर डांबरावर. कोरडं असतं, उन्हानं तापलेलं असतं. रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करतात, जणू रस्ता त्यांच्यासाठीच केलाय.

पहिल्या दिवशी जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. विहीणबाईंचं नाव कमळाबाई. बारीक बाई, हसली की डोळे मिटतात. भाकरी अशी पातळ आणि पांढरी की तव्यावर टाकली कधी आणि फुगली कधी कळत नव्हतं. मी दोष शोधत होते. मीठ बरोबर होतं, तिखट बरोबर होतं. शेवटी म्हटलं, "आमच्याकडं बाजरीची असते. अंगाला लागते."

"व्हय, बाजरी चांगलीच," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या हाताला ती थापायची सवय नाय. तुमी असताना एक दिवस दाखवा ना."

अशा बाईशी भांडावं तरी कसं.

तेवढ्यात रवी म्हणाला, "आये, अजून एक टाक."

मी हात पुढं केला होता टोपलीकडं. पण त्यानं मला नव्हतं म्हटलं. मला तो आई म्हणतो. तिला आये. मी हात परत ताटात घेतला.

चौकच्या रस्त्याला

दुसऱ्या दिवशी रवी भट्टीवरच्या विटा भरून खालापूरला एका बांधकामावर टाकायला निघाला. मी म्हटलं, मी येते. रवी नको म्हणाला, गाडीत चढायला उंच पडेल, धूळ लागेल. पण बाळारामभाऊ म्हणाले, "येऊ दे रं. मी पन येतो." डोळ्यांनी धड दिसत नसताना हे कशाला येतात, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ऐकायला येतो. गाडी कशी चाललीय ते मला कानानं कळतं."

चढताना मला दोघांनी ओढून घेतलं. बसले तर मी दाराशी, आणि मधे, रवीच्या शेजारी, व्याही. माझ्या मुलाच्या खांद्याला खांदा त्यांचा. मी खिडकीतून डोंगर बघत राहिले. तिकडचे डोंगर आमच्यासारखे अंगापिंडानं रुंद नसतात, एकदम भिंतीसारखे उभे असतात, आणि पायथ्याशी गवत वाळून सोन्यासारखं झालेलं. छान होतं सगळं. मला रुचत नव्हतं.

गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, "एवढी जनावरं रस्त्यावर. समोर आलं एखादं तर काय करता हो?"

"नमस्कार," बाळारामभाऊ म्हणाले.

"देवाला?"

"जनावराला. आपन नाय, गाडीनं करायचा. सरळ ब्रेक दाबला का गाडीचं नाक खाली जातंय का नाय? तो नमस्कार. नमस्कार करायचा, तोंड फिरवायचं नाय. भरल्या गाडीनं तोंड फिरवलं का ती आडवी होते. नायतर समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको येत असतात, त्यांच्यावर जाते. जनावर वाचतं आन मानसं जातात."

मग त्यांचा पट्टा सुरू झाला. मला ऐकायचं नव्हतं, पण माणूस असा सांगत होता की ऐकावं लागलं. म्हशीला हॉर्न वाजवू नये. ती ऐकत नाही, आणि तिच्यामागचं रेडकू मात्र बिचकून चाकाकडं धावतं. बैल उभा असेल तर गाडी अगदी हळू करून त्याच्या शेपटीकडून काढावी, तोंडाकडून काढू नये, कारण जनावर पुढं पाऊल टाकतं, मागं टाकत नाही. कुत्र्याचं तसं नाही, कुत्रं अर्ध्यातून परत फिरतं, म्हणून ते पार गेल्याशिवाय ब्रेकवरचा पाय उचलू नये. शेळी कधी एकटी नसते. एक गेली की थांबायचं, मागून पिल्लू येतंच. आणि हे सगळं करण्याआधी आरशात बघायचं, आपल्या पाठीशी कोण लागलंय.

"आन समजा नाय वाचलं," मी म्हटलं. बघा, माझ्याही तोंडात 'आन' आलं.

"तर पुढं साइडला गाडी लावायची, खाली उतरायचं. जिवंत असंल तर बाजूला घ्यायचं, मालक हुडकायचा, शिव्या खायच्या. पळायचं नाय. पळतो तो डायव्हर नाय."

रवी हसला. "बाबांनी हे मला इतक्यांदा सांगितलंय, आई, झोपेत विचार."

त्याला झोपेत विचारावं असं मीही काही दिलंय का, असा विचार माझ्या मनात आला. दिलं होतं. आठवलं, आणि मला बरं वाटलं. ते मी आता सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रवी नऊ वर्षांचा असताना आमची चंद्री नावाची शेळी एका ट्रकखाली गेली. ट्रक थांबला नाही. पोर संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला तिच्याजवळ बसून होतं, जेवायलाही उठेना. पुढं तोच पोरगा ट्रकचं लायसन घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी त्याचा हात माझ्या गळ्याला लावला. म्हटलं, "मुका जीव आडवा आला तर गाडी वळव, पण चाकाखाली घेऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ." तो शपथ म्हणाला. तेवढं एक माझं त्याच्याजवळ होतं. सासूची भाकरी असेल, सासऱ्याचं शिक्षण असेल, पण गळ्यात शपथ माझी.

तर आम्ही चौकच्या अलीकडं होतो. डाव्या शेतातून एक रेडकू उडी मारून रस्त्यावर आलं. फार जवळ नव्हतं, गाडीही सावकाश होती. पण माझ्या तोंडातून निघालं, "रवी, वळव."

आणि रवीनं माझ्याकडं बघितलं.

रस्त्याकडं नाही, माझ्याकडं. सासऱ्याच्या डोक्यावरून, डावीकडं, माझ्या तोंडाकडं. त्याच वेळी त्याच्या हातांनी स्टेअरिंग फिरवलं. गाडी साइडपट्टीवरून खाली घसरली, डावं चाक मातीत रुतलं, मागं विटा एकदम खडखडल्या आणि आम्ही तिरके होऊन थांबलो. रेडकू केव्हाच पलीकडं जाऊन गवत खात होतं. माझा चष्मा पायाशी पडला होता. बाकी कुणाला काही झालं नाही.

रवी उतरून चाकाखाली दगड लावायला लागला. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी दोघंतिघं मदतीला थांबले. बाळारामभाऊ माझ्याबरोबर एका मैलाच्या दगडाशी उभे राहिले.  मग हळू म्हणाले, "विहीणबाय, त्याची गाडी उलटली होती तवा तुमाला फोनवर काय सांगितलं होतं?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट ती. रवीचा पाय मोडला होता. "ब्रेक फेल झाला म्हणून सांगितलं," मी म्हटलं.

"ब्रेक बरा होता. कुत्रं आडवं आलं. पेंढ्याची गाडी, उंच भरल्याली. त्यानं वळवली आन गाडी झोपली. पेंढा होता म्हनून पोर वाचलं, विटा असत्या तर..." त्यांनी रवीच्या बाजूला मान वळवली. "मी इचारलं, एवढं शिकवलं रं तुला, का वळवलीस? तर म्हनला, आईची शपथ हाय. तुमाला सांगू नका म्हनला. आमी नाय सांगितलं."

मला वाटलं होतं मला लाज वाटेल. लाज नंतर वाटली. आधी काय वाटलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं तर मी कागद घेतलाच नसता. मला वाटलं, माझ्या लेकाचं गुपित तीन वर्षं ह्या लोकांनी जपलं. मला नाही सांगितलं, ह्यांना सांगितलं.

पोपटी

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. तिकडची ही खास गोष्ट, आमच्याकडं नाही. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर परत पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाणी घालायचं नाही. पाल्याच्याच ओलाव्यावर शिजतं. वास असा येतो की शेजारपाजारचे काहीतरी विचारायला म्हणून येतात. आमच्याकडं हुरडा असतो. हुरडा चांगलाच. पण ही पोपटी खाताना मी दोनदा बोटं चाटली आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

बाकीचे जाळाशी होते. विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. शेंगा सोलून माझ्या ताटलीत टाकत राहिल्या.

"विहीणबाय, एक मागू?"

"मागा की."

"सुटली म्हना."

लहानपणी आम्ही सगळ्यांनीच हे केलंय. कुणी गळ्याची शपथ घातली की ती घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणायचं, तोवर ती सुटत नाही. आई-बाप, देव, कुणीही सोडवू शकत नाही. हसण्यासारखी गोष्ट. पण ती बाई हसत नव्हती.

"त्याला इतकं कळतंय," त्या म्हणाल्या, "ह्यांनी शिकवल्यालं समदं येतंय. पन जनावर समोर आलं का हात आडतो त्याचा. दोन मनं व्हतात. आमी काय बोलनार, तुमची शपथ हाय. तुमीच म्हना, सुटली."

मी ताटलीकडं बघत होते. शेंगा सोललेल्या, दाणे वेगळे केलेले. माझ्या मुलालाही ही अशीच सोलून देत असेल. पाय मोडला तेव्हा दोन महिने त्याला उठवलं-बसवलं ते हिनंच. मी तेव्हा चार दिवस आले होते आणि आमटीत गूळ घालतात का ह्यावरून हिच्याशी धुसफुशीत बोलून गेले होते. तेव्हाही हिला माहीत होतं. शब्दानं बोलली नाही.

आणि आता हे शेवटचंही मागते.

"बघू," मी म्हटलं, आणि शेंगा तशाच ठेवून उठले.

डावी बाजू

तिसऱ्या दिवशी कुठं गेले नाही. विहीणबाई दहिवलीला त्यांच्या बहिणीकडं चला म्हणत होत्या, मी गुडघ्याचं निमित्त केलं. रवी पहाटे निघून गेला होता. अश्विनी भाजी निवडत होती, मी समोर बसले होते. पोरगी गोड आहे, तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

बोलता बोलता ती म्हणाली, "आई, काल ह्यांनी तुमच्याकडं बघितलं म्हणून तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते नेहमीच बघतात."

"नेहमी म्हणजे?"

"जनावर आलं की डावीकडं बघतात. एकदा मी गाडीत होते, दाराशी बसले होते. कुत्रं आलं तर माझ्या बाजूला बघितलं. पण माझ्याकडं नाही. जसं काय तिथं दुसरंच कुणी बसलंय. मग विचारलं तर म्हणाले, गाडीत कुणी नसलं तरी मान जाते."

मी हातातली मेथीची काडी धरून बसले.

पहिल्यांदा मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. एवढ्या वर्षांत, एवढ्या लांब, ह्या बाईच्या भाकऱ्या खाऊनही माझं पोर वेळ आली की माझ्याकडं बघतं. ती रिकामी सीट माझी आहे. कमळाबाईंनी काय वाटेल ते करावं, ती सीट त्यांना मिळणार नाही.

मग अश्विनीनं जुडीचं देठ मोडलं, आणि त्या आवाजानं मला काल मागं खडखडलेल्या विटा ऐकू आल्या. रवी डावीकडं बघतो तेव्हा रस्त्याकडं कोण बघतं? कुणी नाही. भरलेली गाडी, समोर जनावर, पलीकडून मोटरसायकल, आणि माझा मुलगा रिकाम्या सीटकडं बघून आईला विचारतोय, आई, काय करू.

त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. कमळाबाईंनी माझ्यासाठी बाजरी दळून आणवली होती. भाकरी थापताना तीन वेळा मोडली त्यांची. मी उठून थापून दाखवली नाही. बसून बघत राहिले.

खालापूर

चौथ्या दिवशी रवी मला खोपोलीच्या स्टँडवर सोडायला निघाला, ट्रकमधूनच, वाटेत खालापूरला उरलेल्या विटा टाकायच्या होत्या. ह्या वेळी आम्ही दोघंच. निघताना बाळारामभाऊंनी गाडीवर दोनदा थाप मारली.  कमळाबाईंनी डब्यात भाकऱ्या दिल्या, बाजरीच्या, कडा तुटलेल्या.

मी मनाशी ठरवलं होतं की चौक यायच्या आत म्हणायचं. चौक गेलं. मग ठरवलं, जुन्या हायवेला लागलो की म्हणू. लागलो. एक शब्द तर होता. पण तो म्हटला की माझं त्याच्याजवळ काय राहिलं, हा हिशेब सुटत नव्हता. रवी आपला सांगत होता, ह्या वळणावर कसा भजीवाला आहे, त्या पुलाखाली पावसाळ्यात कसं पाणी भरतं. मी हूं हूं करत होते.

खालापूरच्या अलीकडं शेळ्या दिसल्या. उजव्या अंगाला कडेनं चरत होत्या, त्यांच्यामागं लांबवर एक म्हातारा काठी टेकत येत होता. त्यातली एक तांबडी शेळी निघाली ती सरळ रस्त्यावर. आमच्या चंद्रीसारखी होती असं मी म्हणणार नाही. चंद्री काळी होती.

रवीचा पाय ब्रेकवर गेला. आणि त्याची मान वळायला लागली. डावीकडं. माझ्याकडं. मी ती वळताना पाहिली, आधी डोळे, मग हनुवटी.

"माझ्याकडं नको बघू," मी म्हटलं. "पुढं बघ. सुटली."

त्याची मान फिरली ती पुढं. हात स्टेअरिंगवर ताठ झाले, आणि गाडीनं सरळ, नाक खाली करून, असा नमस्कार घातला की मीही पुढं वाकले. मागं विटा एकदा हलल्या आणि गप्प झाल्या. शेळी आमच्यासमोरून गेली, घाई न करता, एकदा आमच्याकडं बघून.

रवीनं पाय उचलला नाही.  दोघंही उजवीकडं बघत होतो. आणि आलंच, एक पांढरं पिल्लू, टणटण उड्या मारत, आईच्या मागं रस्ता ओलांडून गेलं. म्हाताऱ्यानं काठी वर करून रामराम केला. मग गाडी हलली.

जरा पुढं गेल्यावर रवीनं विचारलं, "काय म्हणालीस मघाशी?"

"ऐकू येत नाही का? सुटली म्हटलं."

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. धूळ होती बरीच, धूळ लागेल असं तोच आधी म्हणाला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबांना सांगतो." आणि खिशातला फोन चाचपायला लागला.

बघा. पहिली आठवण कुणाची, तर सासऱ्याची.

"गाडी चालवताना फोन करायचा नाही," मी म्हटलं. "एवढं शिकवलं नाही वाटतं बाबांनी. मी करते."

खोपोलीच्या स्टँडवर एसटीला वेळ होता. रवी माझी पिशवी ठेवून, पाया पडून, गाडीकडं गेला. मी बाकावर बसून कमळाबाईंना फोन लावला. रवीच्या लग्नाला आठ वर्षं झाली, त्यात माझ्या हातून त्यांना फोन हा पहिलाच असेल. म्हटलं, "विहीणबाई, सुटली म्हणाले."

  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, "भाकरी खाल्ली का तुमी? कडा तुटल्यात, गोड मानून घ्या."

डबा उघडून मी तिथंच खाल्ली. घशात टोचत होती, पण बाजरीची टोचतेच. मला अजून डोळ्यांत पाणी यायचं होतं, आणि ती बाई तिकडं रडून मोकळीही झाली होती. त्यातही माझ्या आधी.